शून्य गोलांची कर्णधार

२०१५च्या महिला विश्वचषकात अमेरिकेच्या पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या लिसा डे वानाने २७व्या मिनिटाला गोल मारला. त्यानंतर अमेरिकेच्या जाळ्यात चेंडू शिरला तो थेट अंतिम सामन्यात. मारणारी जपानची युकी ओगिमी, आणि मिनिट पुन्हा २७वंच. मधला हिशेब करून पाहा. पहिल्या सामन्यातली उरलेली ६३ मिनिटं, मग स्वीडन, नायजेरिया, कोलंबिया, चीन आणि जर्मनी यांच्याशी झालेले पाच अख्खे सामने, आणि अंतिम सामन्यातली २७ मिनिटं. बेरीज ५४०. बरोबर नऊ तास.

या नऊ तासांत अमेरिकेच्या गोलपाशी काय घडलं, तर काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ घडवून आणणाऱ्यांपैकी एक होती अमेरिकेची बचावपटू बेकी सॉवरब्रन. त्या विश्वचषकाची आठवण निघाली की लोक कार्ली लॉइडचं नाव घेतात. अंतिम सामन्याच्या पहिल्या १६ मिनिटांत तिने तीन गोल मारले, त्यातला एक तर मध्यरेषेवरून. ते विसरणं कठीणच आहे. पण नऊ तासांचं शून्य कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याचा रिप्ले दाखवायचा म्हटलं, तरी दाखवणार काय?

जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना मी नंतर पुन्हा पाहिला, तो चेंडूकडे न बघता फक्त सॉवरब्रनच्या चार नंबरच्या जर्सीकडे बघत. हे वाटतं तितकं सोपं नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारी, अर्धा वेळ पडद्याबाहेरच असते. दिसते तेव्हाही ती बहुतेक वेळा धावत नसते. मान वळवून खांद्यावरून मागे बघते, हात लांब करून कुणाला तरी सरकायला सांगते, दोन पावलं मागे जाते, एक पाऊल पुढे येते. समोरच्या आघाडीवीराला पास मिळणारच नाही अशा जागी ती उभी राहते. मग पास येत नाही. पास आलाच नाही, म्हणून टॅकल नाही, आणि टॅकल नाही म्हणून आकडेवारीत नोंदही नाही. तासाभराने तिची जोडीदार ज्युली जॉन्स्टन हिने पेनल्टी क्षेत्रात अलेक्झांड्रा पॉपला ओढून पाडलं. जर्मनीला पेनल्टी मिळाली आणि सेलिया शाशिचने ती बाहेर मारली. नऊ तासांच्या शून्यात नशिबाचाही वाटा असतो, हेही कबूल करायला हवं.

अमेरिकेसाठी २१९ सामने आणि गोल शून्य. २००८ मध्ये पदार्पण, तेही असं की पहिल्याच सामन्यात नाक मोडलं. दोन विश्वचषक, एक ऑलिंपिक सुवर्ण, एक कांस्य. चार वेळा अमेरिकी लीगची सर्वोत्तम बचावपटू. डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्तीची घोषणा. बॅलन डी’ऑर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार स्त्रियांना २०१८पासून दिला जातो आणि तो आजवर एकाही बचावपटूला मिळालेला नाही. फिफाच्या वार्षिक पुरस्कारात २०२० साली ल्युसी ब्राँझचं नाव लागलं, तेवढाच अपवाद.

पण पुरस्कारांचं गाऱ्हाणं मांडायला मी बसलेलो नाही. पुरस्कार मिळाला काय, न मिळाला काय, बचावपटूचं काही अडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. महिला फुटबॉलमध्ये कर्णधाराच्या दंडावर ती पट्टी बांधली, की तिच्या गळ्यात आणखी तीन नोकऱ्या पडतात : कामगार पुढारी, वकिलाची मदतनीस आणि रखवालदार. या तिन्हीचा पगार नाही. वर आपण तिला ‘नेतृत्व’ म्हणून टाळ्या वाजवतो. माझं म्हणणं असं की या टाळ्यांमुळेच ज्यांनी ही कामं करायला हवीत ते सुटतात.

सॉवरब्रनची कारकीर्द घेतो, कारण तिच्यात हे सगळं एकाच ठिकाणी दिसतं.

आधी ‘व्यावसायिक’ या शब्दाकडे बघू. ती ज्या वॉशिंग्टन फ्रीडम संघाकडून खेळली, तो संघ २०११ मध्ये नव्या मालकाने फ्लोरिडाला हलवला आणि त्याचं नाव ‘मॅजिकजॅक’ ठेवलं. होय, टेलिफोनच्या एका उपकरणाचं नाव. पुढच्याच वर्षी हा संघ ज्या लीगमध्ये खेळायचा ती लीगच गुंडाळली गेली. २०१३ मध्ये एनडब्ल्यूएसएल ही नवी लीग सुरू झाली आणि सॉवरब्रन एफसी कॅन्सस सिटीत गेली. या संघाने २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली आणि २०१७ मध्ये तो बंद पडला. खेळाडूंचे करार युटा रॉयल्सकडे गेले. २०२०च्या हंगामानंतर युटाही बंद पडलं (पुढे २०२४ मध्ये ते नव्याने उभं राहिलं, ही वेगळी गोष्ट). तोपर्यंत ती पोर्टलंडच्या क्लबात पोचली होती. विजेतेपद मिळवूनही क्लब टिकेल याची खात्री नाही, अशा धंद्यात ती जवळपास दीड दशक होती. एनडब्ल्यूएसएलच्या पहिल्या हंगामात किमान पगार होता ६,००० डॉलर. महिन्याचा नाही, अख्ख्या हंगामाचा. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचे पगार अमेरिकेचा फुटबॉल महासंघ देत असे, म्हणून त्यांचं बरं चालायचं. बाकीच्या मुली दुसऱ्या नोकऱ्या करत, परक्यांच्या घरी राहत.

हा तपशील पुढच्या भांडणाच्या मुळाशी आहे. क्लब कधी बुडेल सांगता येत नाही म्हटल्यावर राष्ट्रीय संघातल्या स्त्रियांनी महासंघाशी करार करताना काय मागितलं असेल? ठरलेला पगार, विमा, बाळंतपणाची रजा. पुरुष खेळाडूंना हे नको होतं, कारण त्यांचा क्लबचा पगार पक्का होता. त्यांनी सामन्यागणिक मोठे बोनस घेतले. म्हणजे स्त्रियांनी बचावपटूसारखा विचार केला. आधी मागची बाजू सांभाळू, मग पुढचं बघू.

मार्च २०१६ मध्ये पाच खेळाडूंनी समान वेतनासाठी महासंघाविरुद्ध सरकारी आयोगाकडे तक्रार केली. लॉइड, अलेक्स मॉर्गन, मेगन रॅपिनो, होप सोलो आणि सॉवरब्रन. ८ मार्च २०१९ रोजी २८ जणींनी न्यायालयात दावा ठोकला. मे २०२० मध्ये न्यायाधीशांनी त्यातला समान वेतनाचा भाग फेटाळला. कारण दिलं ते असं की स्त्रियांनी स्वतःहून वेगळ्या रचनेचा करार निवडला होता, आणि एकूण मिळकत धरली तर दर सामन्यामागे त्यांना पुरुषांपेक्षा कमी मिळालेलं नाही. त्या जास्त जिंकल्या म्हणून त्यांची मिळकत जास्त दिसली, हे त्या हिशेबात बसत नव्हतं. असुरक्षित होत्या म्हणून त्यांनी सुरक्षितता मागितली, आणि तीच मागणी त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली. कायद्याच्या भाषेत याला काही का नाव असेना, आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

त्या निकालाच्या दोन महिने आधीची एक घटना. महासंघाच्या वकिलांनी न्यायालयात लिहून दिलं की पुरुष संघाच्या खेळाडूचं काम जास्त कौशल्याचं आणि जास्त जबाबदारीचं आहे. हे कागद बाहेर आले. ११ मार्च २०२० रोजी टेक्सासमधल्या फ्रिस्को इथे जपानविरुद्ध सामना होता. सरावाला उतरलेल्या अमेरिकी खेळाडूंनी आपले शर्ट उलटे घातले होते. आतली शिवण बाहेर, महासंघाचं चिन्ह झाकलेलं. दिसत होते ते फक्त कापडातून उमटलेले चार तारे, चार विश्वचषकांचे. दुसऱ्या दिवशी महासंघाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. शर्ट उलटा करायला काही सेकंद पुरतात. पण हे करायचं ठरवणं, सगळ्यांना तयार करणं, आणि मग त्याच शर्टात उतरून सामना जिंकणं, याला किती शक्ती लागते? सामन्याच्या तयारीतून ती कुठून काढायची?

याच काळात सॉवरब्रन खेळाडूंच्या संघटनेची अध्यक्ष झाली. २०२१ मध्ये ती संघाचीही कर्णधार होती. त्या उन्हाळ्यात, वयाच्या ३६व्या वर्षी, तिने टोकियोत संघाचं नेतृत्व केलं. पहिल्याच सामन्यात स्वीडनने तीन गोल चढवले. शेवटी कांस्यपदक हाती लागलं. त्याच वर्षाअखेरीस महासंघाशी असलेला जुना करार संपत होता. म्हणजे दिवसा आघाडीवीरांना अडवायचं आणि उरलेल्या वेळात कराराच्या कलमांवरून वाद घालायचा. टोकियोत अमेरिकेचा खेळ फिका का पडला, यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले : वय झालं, भूक संपली, मनोवृत्ती बदलली. कर्णधार दोन नोकऱ्या करते आहे, ही बाब त्या चर्चेत मला फारशी दिसली नाही.

फळ मिळालं, हे नाकारून चालणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये महासंघाने २ कोटी ४० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. मे महिन्यात नवा करार झाला. पुरुष आणि स्त्रिया यांना सामन्याचं मानधन सारखं, आणि विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कम दोन्ही संघांनी एकत्र करून वाटून घ्यायची. यातली दुसरी गोष्ट जगात आधी कुणी केली नव्हती. त्याचं मोल आकड्यांतच समजतं. २०१९चा विश्वचषक जिंकला तेव्हा अमेरिकी स्त्रियांसाठी फिफाचं बक्षीस होतं ४० लाख डॉलर. २०२२ मध्ये अमेरिकेचे पुरुष शेवटच्या सोळांत पोचून हरले, त्याचे मिळाले १ कोटी ३० लाख. विजेत्यांच्या तिपटीहून जास्त, आणि तेही चार सामन्यांत एकच जिंकून! हे पैसे वाटून घ्यायला पुरुष खेळाडू तयार झाले याचं श्रेय त्यांनाही आहे. त्यांच्या बाजूने वाटाघाटीत पुढे असलेला वॉकर झिमरमन हाही सेंटर-बॅकच. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

आता इथे कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? खेळाडूंनी लढून मिळवलं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि दुसऱ्या कुणी ही लढाई इतक्या नेटाने लढली नसती. हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. पगाराच्या वाटाघाटीत खेळाडूंचा आवाज खेळाडूंचाच असायला हवा, तो भाड्याने आणता येत नाही. सॉवरब्रनला ते काम जमत होतं आणि ते करायची तिची तयारीही होती. पण एखादीची तयारी आहे म्हणून ते काम फुकट करून घ्यायचं का? कारखान्यातल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याला बैठकांसाठी कामाच्या तासांतून सूट मिळावी, यासाठी कामगार चळवळीने कधीच भांडून ठेवलं आहे. फुटबॉलमध्ये कर्णधार घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते, आणि भाकरी करपली तर बोलणी तिलाच बसतात.

उरलेल्या निम्म्या आक्षेपाशी मात्र माझं भांडण आहे, कारण सगळी कामं पगाराच्या वाटाघाटींसारखी नसतात.

३० सप्टेंबर २०२१ रोजी एनडब्ल्यूएसएलमधले नावाजलेले प्रशिक्षक पॉल रायली यांच्यावर लैंगिक जबरदस्तीचे आरोप छापून आले. पुढे आल्या होत्या त्यांच्या हाताखाली खेळलेल्या शनेड फॅरेली आणि माना शिम. शिमने २०१५ मध्येच पोर्टलंड क्लबकडे तक्रार केली होती. क्लबने रायली यांचा करार वाढवला नाही, पण का वाढवला नाही ते जाहीरही केलं नाही. त्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली, मग त्या संघासोबत विजेतेपदही. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी लीगचे सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा सहाव्या मिनिटाला खेळाडूंनी खेळ थांबवला आणि दोन्ही संघ मधल्या वर्तुळात हातात हात गुंफून उभे राहिले. सहावं मिनिट का, तर ऐकून घेतलं जायला सहा वर्षं लागली म्हणून. गोल करायला निघालेल्या आणि अडवायला निघालेल्या, सगळ्या एकाच वर्तुळात.

वर्षभराने, ३ ऑक्टोबर २०२२ रोजी, महासंघाने नेमलेल्या सॅली येट्स यांच्या चौकशीचा अहवाल आला. हा छळ एकट्यादुकट्या माणसाचा नव्हता, तो व्यवस्थेतच मुरला होता, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. अमेरिकेचा संघ तेव्हा इंग्लंडशी सामना खेळायला लंडनला गेला होता. दुसऱ्याच दिवशी सॉवरब्रन पत्रकारांसमोर बसली आणि म्हणाली की ज्या मालकांनी, अधिकाऱ्यांनी खेळाडूंना वाऱ्यावर सोडलं त्या सगळ्यांनी जायला हवं. तुमच्या क्लबचे मालकही, असं विचारल्यावर तिने त्यांनाही वगळलं नाही. पोर्टलंडच्या मालकांनी आठवड्याभरात मुख्याधिकारीपद सोडलं, पुढे क्लबही विकला. दरम्यान २९ ऑक्टोबरला पोर्टलंडने लीग जिंकली, आणि त्या संघात सॉवरब्रन होती. ज्याने निघून जावं असं आपण जगासमोर सांगितलं, त्याच माणसाच्या मालकीच्या क्लबची जर्सी घालून अंतिम सामना खेळायचा. हे कसं केलं असेल, याचा मी बराच विचार केला. उत्तर सापडलं नाही.

या कामाला नेतृत्व म्हणायला मी तयार नाही. प्रशिक्षकाने मुलींना त्रास देऊ नये, दिलाच तर तक्रार दाबली जाऊ नये, काढून टाकलेला माणूस शेजारच्या क्लबमध्ये हार घालून घेतला जाऊ नये, हे पाहणं मालकांचं, लीगचं आणि महासंघाचं काम होतं. इथे खेळाडूंच्या आवाजाची गरज पडलीच कशी, हा खरा प्रश्न आहे. आग लागल्यावर बादल्या घेऊन धावलेल्या शेजाऱ्याचं कौतुक जरूर करा. पण अग्निशमन दल कुठे होतं, हे विचारायचं राहून गेलं तर पुढच्या आगीलाही तोच शेजारी धावणार.

आणि हे एकट्या अमेरिकेचं दुखणं नाही. फ्रान्सची तेव्हाची कर्णधार वेंडी रेनार, मार्टिनिक बेटावरून आलेली, ऑलिंपिक ल्यों संघाकडून आठ वेळा चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकलेली, हीसुद्धा सेंटर-बॅक. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी तिने जाहीर केलं की सध्याच्या व्यवस्थेत खेळणं आपल्या मनःस्वास्थ्याला झेपत नाही, म्हणून त्या वर्षीचा विश्वचषक आपण खेळणार नाही. कादिदियातू दियानी आणि मारी-आंत्वानेत कातोतो तिच्या पाठोपाठ बाहेर पडल्या. तेराव्या दिवशी प्रशिक्षक कोरीन दियाक्र यांना महासंघाने दूर केलं. खेळाडूंची नाराजी काही त्या फेब्रुवारीत जन्मली नव्हती, ती वर्षानुवर्षं उघडपणे बोलली जात होती. पण कर्णधाराने आपला चौथा विश्वचषक पणाला लावला तेव्हा कुठे दार हललं. रेनार परतली आणि ब्राझीलविरुद्ध ८३व्या मिनिटाला हेडरने विजयी गोल मारला. गोष्टीचा शेवट इतका गोड झाला की मधल्या तेरा दिवसांत ती काय गमावायला तयार होती, ते झाकलं गेलं. दियाक्र हटल्या नसत्या तर?

रेनारकडे निदान पणाला लावायला काहीतरी होतं. तिच्याशिवाय फ्रान्सचा बचाव उभा राहत नव्हता. जिला संघात जेमतेम जागा आहे अशी २० वर्षांची लेफ्ट-बॅक काय पणाला लावणार? जिथे न्याय मिळायला आधी मोठं नाव कमवावं लागतं, तिथे नाव कमवायच्या आतच कितीजणी खेळ सोडून जात असतील. २००९ च्या सुमाराला सॉवरब्रन स्वतः राष्ट्रीय संघाच्या आत-बाहेर होती. २०११च्या विश्वचषकात तिला खेळायला मिळालं ते एका सहकाऱ्याला लाल कार्ड मिळालं म्हणून, उपांत्य सामन्यापुरतं. अंतिम सामन्यात पुन्हा बाकावर. त्या मुलीने तेव्हा मालकांविरुद्ध तोंड उघडलं असतं तर आज तिचं नाव आपल्याला माहीत असतं का, याची मला शंका आहे.

पैशांचा मुद्दा राहिला, तो थोडक्यात. महिला फुटबॉल अजून कमवत नाही, मग इतक्या सोयी कुठून आणायच्या, असं विचारतात. तक्रार ऐकायला क्लबच्या ताब्यात नसलेला माणूस नेमणं, नेमणुकीआधी प्रशिक्षकाचा पूर्वेतिहास तपासणं, संघटनेच्या बैठकांचे दिवस वेळापत्रकात धरणं, याला किती पैसे लागतात? दाव्याच्या तडजोडीला लागले त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. अडचण पैशांची नाही, बचावाच्या खर्चाची आहे. गोल न झाल्याचं जसं कुणी छायाचित्र काढत नाही, तसंच न घडलेल्या छळाचं श्रेय कुठल्याही अध्यक्षाला वार्षिक अहवालात मिरवता येत नाही. म्हणून तो खर्च दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

२०२३चा विश्वचषक सॉवरब्रन पायाच्या दुखापतीमुळे खेळू शकली नाही. अमेरिका शेवटच्या सोळांतच बाहेर पडली. तिच्या अध्यक्षपदाच्या काळात झालेला करार २०२८च्या अखेरीस संपतो. तेव्हा कुणीतरी पंचविशी-तिशीतली खेळाडू पुन्हा त्या टेबलाशी बसेल. तिच्या सरावाच्या वेळापत्रकात त्या बैठकांसाठी कोणते दिवस मोकळे ठेवलेत, आणि त्या दिवसांचा पगार कोण देणार आहे, एवढं महासंघाने आत्ताच लिहून द्यावं.